पोचली नाही तरी कळवू नको

ही गोष्ट माझ्या वहिनीची आहे. तिने जशी सांगितली तशीच इथे लिहितोय. तिखटमीठ लावायची मला गरज वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमतही झाली नाही.

भुताखेतांवर हसणाऱ्यांतला मी. वहिनी तर माझ्याहून वरचढ. घरातले दिवे गेले की आमची आई देवाचं नाव घेते, आणि वहिनी तोवर स्टुलावर चढून फ्यूज उघडून बसलेली असते. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, हा तिचा खाक्या.

तीच वहिनी हे सांगताना माझ्यासमोर थरथर कापत होती.

भूत म्हटलं की अमावस्येची रात्र आणि सुनसान रस्ता, असं तुमच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. हे सुरू झालं सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. खाली मुलं बॉल खेळत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात आई वर्तमानपत्र चाळत होती आणि वहिनी ओट्यापाशी भाजी चिरत होती. दादा कामासाठी महिनाभर बाहेरगावी होता, आणि मी नोकरीमुळे वेगळा राहतो.

दाराची बेल वाजली.

पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर वहिनी एवढी का घाबरली ते कळणार नाही.

वहिनी एका छोट्या कंपनीत आहे. पडद्याच्या कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, सहा माणसं. ते मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवतात. म्हणजे शाळा, दवाखाने, लहान कारखाने यांच्या मेल ज्या मशीनवरून येतात-जातात, त्या मशीनच्या आतला कारभार. वहिनीकडे त्यातला एकच भाग होता. पोचू न शकलेल्या मेलचं काय करायचं?

समजा तुम्ही कुणाला मेल पाठवली आणि ती त्याला मिळालीच नाही. मग मशीनने पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा? किती दिवसांनी नाद सोडायचा? आणि नाद सोडल्यावर पाठवणाऱ्याला कळवायचं, की मेल गुपचूप टाकून द्यायची? याची सेटिंग्ज कंपनी आधीच लावून देते. विकत घेणारा ती बदलू शकतो, पण बदलतो कोण? शंभरातले नव्वद लोक त्या पानाचं तोंडही बघत नाहीत. त्यामुळे वहिनी जे लावेल, तेच जगात चालणार.

नव्या आवृत्तीत वहिनीने लावलं होतं... पोचली नाही तरी कळवू नको.

तिच्या बाजूने कारणही चांगलं होतं. फसव्या मेल पाठवणारे लोक दुसऱ्याचंच नाव लावून मेल पाठवतात. ती मेल परत आली की नसता ताप त्या दुसऱ्या माणसाला. ज्याने काही केलंच नाही, त्याच्या डोक्यावर शेकडो परत आलेल्या मेलचा ढिगारा. त्यापेक्षा मशीनने गप्प बसावं, असं तिचं म्हणणं.

याला विरोध केला तो एकट्या मास्तरांनी.

मास्तर म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने. शाळेत कधी शिकवलेलं नाही, पण न पोचलेल्या मेलच्या सगळ्या तक्रारी त्यांच्याकडे यायच्या म्हणून सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणायचे, आणि मग नुसतंच मास्तर. लग्न केलेलं नाही. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर एकटे राहायचे. आम्ही घरच्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोनवर बोलणं त्यांच्या जिवावर यायचं. चहा मागवायचा असला तरी मेल करतील, अशी ऑफिसात त्यांची चेष्टा चालायची. त्यांनी ऑफिसातल्या आपल्या मशीनला एक आवाज जोडून ठेवला होता. कुठलीही मेल पोचायची राहिली की ते मशीन वाजायचं. टण्. छोट्या घंटीवर कुणी नख मारल्यासारखं.

मीटिंगमध्ये मास्तर वहिनीला एवढंच म्हणाले होते, "ज्याचं पोचलं नाही त्याला कळू दे गं. नाहीतर तो बिचारा पोचलं असं समजून वाट बघत बसतो."

साहेबांनी वहिनीची बाजू घेतली. मास्तर नंतर तो विषय बोलले नाहीत. दोन दिवसांनी ताप आला म्हणून ते रजेवर गेले.

आता कंपनीत एक पद्धत होती. नवी आवृत्ती बाहेर द्यायच्या आधी सहाही जणांनी ती आपापल्या घरी वापरून बघायची. त्यासाठी प्रत्येकाच्या घरी पुस्तकाएवढं एक मशीन ठेवलेलं. कुणी आपल्या सोयीने सेटिंग बदलून चाचणी बिघडवू नये म्हणून त्या सगळ्या मशीनचा ताबा ऑफिसच्या एका मशीनवर. म्हणजे वहिनीची ती सेटिंग मास्तरांच्याही घरी चालू झाली होती.

त्याच आठवड्यात ऑफिसचे सगळे मेलचे पत्ते बदलले. जुने बंद, नवे सुरू. ते कामही वहिनीकडेच होतं. पत्ते बदलल्याची सूचना तिने सगळ्यांना मेलने पाठवली... सगळ्यांच्या नव्या पत्त्यावर.

ऑफिसात असलेल्यांना काही अडलं नाही. त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं आणि नवा पत्ता लावला. घरी तापात पडलेल्या मास्तरांना कोण सांगणार? त्यांच्याकडे वहिनीचा जुनाच पत्ता राहिला.

मास्तर गेले ते पेपर टाकणाऱ्याने पाहिलं. घराचं दार सताड उघडं होतं. मास्तर दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले होते. मांडीवर फोन.

अर्धांगाचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. आधी वाचा गेली असणार. पण त्यानंतरही एक पूर्ण दिवस जिवंत होते.

साहेबांकडून हे ऐकल्यावर वहिनी मास्तरांच्या घरी गेली नाही. डोकं दुखतंय म्हणून ऑफिसातच थांबली. सगळे गेल्यावर तिने मास्तरांच्या घरच्या मशीनची नोंद उघडली. त्यात आदल्या दिवसाची एक ओळ होती. मास्तरांकडून वहिनीला, जुन्या पत्त्यावर. असा पत्ता नाही. मेल टाकून दिली. पाठवणाऱ्याला कळवलं नाही.

मेलमध्ये काय लिहिलं होतं ते कुठेच उरलेलं नव्हतं. सेटिंगप्रमाणे सगळं पुसलं गेलं होतं.

कळवलं असतं, तर मास्तरांनी पुढच्या मिनिटाला दुसऱ्या कुणाला तरी लिहिलं असतं. पण त्यांना वाटलं, पोचली. सगळ्यात जवळ राहणारी मुलगी, दोन गल्ल्यांवर. आत्ता येईल. म्हणून ते दार उघडून बसले. ज्या मशीनने मेल टाकून दिली, ते त्यांच्या खुर्चीशेजारीच होतं.

हे वहिनीने कुणालाही सांगितलं नाही. दादाला नाही, आईला नाही, मलाही नाही. मास्तर कसे गेले, वाचा गेली होती, दार उघडं होतं, यातलं अक्षरही घरात आलेलं नव्हतं.

हे लक्षात ठेवा.

तर मास्तर गेल्यानंतरच्या त्या सुट्टीच्या दुपारी बेल वाजली. वहिनीने हात पुसत दार उघडलं.

कुणी नव्हतं.

समोरच्या घरात रिटायर झालेल्या नर्सबाई राहतात. दिवसभर दार उघडं टाकून दारातच खुर्ची मांडून बसायची त्यांची सवय. जिन्यावरून मांजर गेलं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. वहिनीने त्यांना विचारलं, कोण होतं?

नर्सबाई गोंधळल्या होत्या. त्या म्हणाल्या, बेल तर मीही ऐकली. पण दारात कुणीच नव्हतं.

मुलांचा चावटपणा असेल, असं म्हणून वहिनी आत आली. पंधरा मिनिटांनी भाजी फोडणीला पडली आणि पुन्हा बेल.

कुणी नव्हतं.

मग अर्ध्या तासाने. मग तासाने. मग दोन तासांनी. दर वेळी एकदाच, अगदी छोटीशी. नर्सबाई दर वेळी नुसती मान हलवायच्या. पाचव्या वेळी वहिनीला दाराच्या बाहेरचं पायपुसणं दिसलं... मधोमध दबलेलं. कुणी बराच वेळ उभं राहावं तसं. ती बघत असतानाच ते हळूहळू वर आलं.

वहिनी दार लावून आत आली आणि पलंगावर बसली. तिला एक गोष्ट समजली होती.

पंधरा मिनिटं. अर्धा तास. एक तास. दोन तास.

मेल पोचली नाही की मशीन लगेच नाद सोडत नाही. थोड्या वेळाने पुन्हा जातं. मग त्याच्या दुप्पट वेळाने. मग त्याच्याही दुप्पट. असं करत चार तासांवर आलं की मग दर चार तासांनी. हे आकडे वहिनीने स्वतः, स्वतःच्या हाताने लावले होते.

पुढची बेल चार तासांनी वाजणार होती. आणि वाजली.

तिने बेलचा डबाच भिंतीवरून उतरवून ठेवला. बेल वाजायची बंद झाली. त्याऐवजी बरोबर चार तासांनी दारावर थाप पडली.

त्याच दिवशी तिच्या फोनवर एक मेल आली. पाठवणाऱ्याची जागा कोरी होती. मेल पोचली नाही असं मशीनने कळवलं की त्या सूचनेवर पाठवणाऱ्याचं नाव कोरंच ठेवतात, म्हणजे कुणी तिला उत्तर देऊ नये. वहिनीला याचं नवल नव्हतं. नवल होतं ते आतल्या मजकुराचं.

"निरोप अजून पोचलेला नाही. प्रयत्न चालू आहे. तुम्हाला काही करायची गरज नाही."

वहिनी मला सांगत होती, "भाऊजी, हे वाक्य मीच लिहिलेलं. लोकांना धीर वाटावा म्हणून लिहिलं होतं."

आता तिला कळून चुकलं होतं की दाराबाहेर काय आहे. मास्तरांचा निरोप. तिने एकदा न वाचता टाकून दिलेला. तो आता तिच्या हातात पडायला बघत होता. आणि तिला तो नको होता. एक माणूस दिवसभर खुर्चीत बसून आपली वाट बघत होता, तेव्हा त्याने आपल्याला काय लिहिलं होतं, हे तिला कधीच ऐकायचं नव्हतं. भुतापेक्षा तिला त्याची भीती वाटत होती.

तिने ठरवलं, दार उघडायचं नाही. पाच दिवस. पाच दिवसांत पोचली नाही तर मशीन नाद सोडतं, ही सेटिंग आहे. मन घट्ट करून पाच दिवस काढायचे.

तिने ऑफिसातून रजा घेतली. आईला खोटंच सांगितलं, हल्ली दिवसाढवळ्या चोऱ्या होतायत, कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. आई बरं म्हणाली. पण तिला ते पटलेलं नव्हतं. आमच्या आईला दारातून माणूस परत पाठवायचा म्हणजे जिवावरचं काम.

दिवसरात्र दर चार तासांनी थाप पडत राहिली. वहिनीला जेवण जाईना. थाप पडायच्या आधीच तिचे खांदे वर जायचे. आई एकदा म्हणाली, अगं, कोण आहे ते विचार तरी. वहिनी तिच्यावर खेकसली. लग्नानंतर पहिल्यांदा.

पाचवा दिवस संपला. वहिनी घड्याळाकडे डोळे लावून बसली.

चार तास झाले...

थाप पडली.

तेव्हा तिला आठवलं. घरच्या मशीनवर वेगळी चाचणी चालू होती. किती दिवसांनी नाद सोडायचा, ती जागा तिने स्वतःच्या घरापुरती मुद्दाम रिकामी ठेवली होती, असं ठेवल्यावर मशीन काय करतं ते बघायला. आणि मग मास्तरांच्या गडबडीत पार विसरली होती.

जागा रिकामी असली तर मशीन कधीच नाद सोडत नाही.

ती सेटिंग घरून बदलता येणार नव्हती. ताबा ऑफिसात. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, ऑफिस बंद. पण किल्ली वहिनीकडे असायची. तिने सकाळी एक थाप पडू दिली. आता पुढचे चार तास मोकळे. जाऊन यायला तेवढे पुष्कळ होते. निघताना तिने आईला पुन्हा बजावलं. नर्सबाईंनाही सांगितलं, जरा लक्ष ठेवा.

ऑफिसात उन्हाची तिरीप टेबलांवर पडली होती. खाली दुकान बंद, त्यामुळे रोजची गजबज नव्हती. वहिनीला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मास्तरांची खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवलेली असायची. सगळ्यांनी तशीच ठेवली होती.

आज ती बाहेर ओढलेली होती... दाराकडे तोंड करून.

वहिनी तिच्याकडे पाठ करून बसली. मशीन सुरू केलं. आपल्या घरच्या मशीनचं पान उघडलं. पोचायच्या राहिलेल्या मेल... एक.

पाठवणारा कोरा.

घेणाऱ्याच्या जागी मेलचा पत्ता नव्हता. आमच्या घराचा पत्ता होता. इमारत, तिसरा मजला, दार.

खाली अडल्याचं कारण लिहिलेलं असतं. एरवी तिथे असतं, समोरचं मशीन बंद, जागा भरलेली, असलं काहीतरी.

तिथे लिहिलं होतं, "दार उघडत नाहीत."

टण्.

मास्तरांचं मशीन वाजलं. त्याची वायर तर ते गेल्यावर साहेबांनी काढून कपाटात ठेवली होती. वहिनीने मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर तिथेच गेले असते, असं ती म्हणाली. तिने रिकाम्या जागेत आकडा टाकला. सगळ्यात लहान, एक तास. तो तास तर कधीच उलटून गेला होता. म्हणजे बटन दाबलं की मेल तिथल्या तिथे टाकली जाणार.

टण्.

या वेळी जरा जवळ.

मशीनने नेहमीचा प्रश्न विचारला. टाकून देण्याआधी, पाठवणाऱ्याला कळवायचं?

वहिनी त्या प्रश्नाकडे किती वेळ बघत बसली ते तिलाच माहीत नाही. मागे खुर्चीचं लाकूड करकरलं, माणूस पुढे वाकला की करकरतं तसं. कळवायचं म्हटलं, तर ती सूचना कुणाकडे जाणार? कुठे जाणार? आणि ती मिळाल्यावर तो काय करणार?

तिने दुसऱ्यांदा तेच केलं. कळवू नको.

बटन दाबलं. पान क्षणभर रिकामं झालं. खोलीत अगदी शांत झालं. खुर्चीही गप्प. वहिनीला रडू फुटलं. सुटले, असं वाटून.

मग नोंदीत शेवटची ओळ आली. तिथे यायला हवं होतं, मेल टाकून दिली.

आलं होतं... "पोचली. घरात घेतली."

वहिनीला आधी कळेना. मग तिने घड्याळ बघितलं. सकाळच्या थापेला चार तास होऊन गेले होते. घरात तिच्याशिवाय एकच माणूस होतं.

तिने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. ऑफिसचं दार तसंच टाकून ती धावत सुटली. रिक्षा मिळाली तीही अर्ध्यात सोडली, कारण पुढे रस्ता तुंबला होता. तीन जिने ती कशी चढली ते तिला आठवत नाही.

नर्सबाईंचं दार बंद होतं. ते दिवसा कधी बंद असलेलं तिने पाहिलेलं नव्हतं. आतून कडी लावलेली होती, आणि आत कुणीतरी हळू आवाजात देवाचं नाव घेत होतं.

आमचं दार उघडं होतं.

आई कोचावर बसली होती. धडधाकट, नेहमीसारखी. मांडीवर हात ठेवून. तिच्यासमोरची खुर्ची दाराकडे फिरवलेली होती, आणि त्या खुर्चीपुढे स्टुलावर पाण्याचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला. कुणी ओठ लावलेला नव्हता.

वहिनी चौकटीला धरून उभी राहिली. आईने विचारलं, एवढी धापा टाकत का आलीस, आणि मग स्वतःच सांगायला लागली. रागावू नकोस म्हणाली. थाप पडली, तेव्हा तिच्या मनाला बरं वाटेना. इतके दिवस कुणीतरी येतंय, दारातून परत जातंय. चोर का असा परत परत येऊन थाप मारेल? म्हणून तिने दार उघडलं.

"चांगले होते गं म्हातारे," आई म्हणाली. "तुमच्या ऑफिसातले. बसा म्हटलं, पाणी दिलं. पण त्यांना धड बोलता येत नव्हतं. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं. एकेक शब्द काढायला किती वेळ लागत होता त्यांना."

वहिनीने तोंडावर हात दाबला. मास्तरांची वाचा गेल्याचं तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"काय म्हणाले?" तिने विचारलं. जे ऐकायला लागू नये म्हणून तिने हे सगळं केलं होतं, ते तिला आता विचारावं लागलं.

"तुझ्यासाठी निरोप आहे म्हणाले. मला बरं वाटत नाहीये. हाक मारता येत नाही. दार उघडून ठेवलंय, जरा येऊन जा." आईने आठवून आठवून शब्द सांगितले. "एवढंच. आणि मग माझ्याकडे बघत बसले. उत्तराची वाट बघत."

वहिनी चौकट सोडून आत येईना. आईला वाटलं, ही अजून रागावलीय. म्हणून ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "मी काय त्यांना रिकाम्या हाती पाठवलं नाही हो. मी सांगितलं, आत्ता ती घरी नाही, पण ती येईल. नक्की येईल. तेव्हा कुठे उठले बिचारे."

या गोष्टीला बरेच महिने झाले.

दारावर पुन्हा थाप पडलेली नाही. वहिनीने साहेबांशी भांडून सेटिंग बदलली. आता त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मेल पोचली नाही तर पाठवणाऱ्याला कळवलं जातं, आधीपासून तसंच लावलेलं असतं. नर्सबाई मुलीकडे राहायला गेल्या. त्या दिवशी काय पाहिलं, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वहिनी मास्तरांच्या घरी गेलेली नाही. ती गल्ली टाळायला ती बाजारात लांबून वळसा घालून जाते. मी तिला समजावलं. म्हटलं, एकदा जाऊन ये, मी येतो सोबत. निदान घर बंद आहे, आत कुणी नाही, हे डोळ्यांनी बघितलंस की मनातून जाईल. ती नाहीच म्हणाली. मग तिला न सांगता मी एकटाच गेलो, संध्याकाळी, रस्त्यावर माणसं असताना. शेजाऱ्यांनी सांगितलं, पुतण्याने कुलूप लावलंय, केव्हापासून इकडे कुणी फिरकलेलं नाही.

कुलूप होतं. कडीला लटकत होतं, बंद.

आणि दार उघडं होतं.

आत अंधार होता. मी उंबऱ्यापर्यंत गेलो नाही. रस्त्यावरूनच मागे फिरलो आणि घरी येऊन जेवलो नाही. वहिनीला मी हे अजून सांगितलेलं नाही. ती हे पेज वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं.

काल घरी गेलो होतो. वहिनी कामावरून आली आणि चपला काढता काढता रोजच्यासारखं तिने आईला विचारलं, कुणी आलं होतं का?

आई वाटाणे सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"ते कशाला येतील आता," ती म्हणाली. "आता तू जायचंयस ना."